चाकण ते नागपूर: सातशे किलोमीटर, दोन दिवस

दिवाळी आठवड्यावर आली की भोसरी, तळवडे, महाळुंगे, चाकण या सगळ्या पट्ट्यात डबा खाताना एकच विषय निघतो: गावी जायचं कसं? इथल्या कंपन्यांत विदर्भ-मराठवाड्यातली पोरं हजारोंनी आहेत. रेल्वेचं आरक्षण कधीच संपलेलं असतं आणि सणाच्या तोंडावर ट्रॅव्हल्सचं भाडं ऐकवत नाही. मग चौघं मिळून कुणाची तरी एमएच 14 ची गाडी काढतात, पेट्रोल-टोलची वर्गणी होते आणि बेत ठरतो. सेकंड शिफ्ट सुटली की निघायचं, रात्रभर गाडी हाणायची आणि सकाळच्या चहाला घरी.

हा लेख त्या बेतातला शेवटचा भाग बदलण्यासाठी आहे. चाकणहून नागपूर सातशे किलोमीटरच्या आसपास आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. 5 जून 2025 रोजी इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पाही सुरू झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. तेव्हापासून नागपूर जवळ आल्यासारखं वाटतं. रस्ता सुधारला हे खरं, पण चालवणाऱ्याची झोप आणि वरचं आभाळ होतं तसंच आहे. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याकडे येणारी खासगी बस उलटून पेटली आणि 25 जणांचा जीव गेला. हा आपल्याच वाटेवरचा अपघात होता.

तेव्हा ही वाट दोन दिवसांची धरा. मध्ये मुक्काम करा आणि प्रत्येक टप्प्यावर एक तरी ठिकाण बघा. थांबलं की पाय मोकळे होतात, डोळे ताजे होतात आणि पुढच्या आभाळाकडे बघून जायचं की थांबायचं हे ठरवता येतं.

आधी आभाळाचा नकाशा

या वाटेवर पावसाचा हिशेब सरळ नाही. आपल्या पश्चिमेला लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात येईपर्यंत तो सातशेच्या आसपास उरतो आणि शिरूर-अहिल्यानगर भागात आणखी कमी होतो. सह्याद्रीनं अडवलेल्या ढगांच्या मागे असलेला हा पर्जन्यछायेचा पट्टा. पण पुढे विदर्भात पाऊस पुन्हा वाढतो आणि नागपूरला तर वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर जातो, कारण तिकडे बंगालच्या उपसागरातून येणारी कमी दाबाची क्षेत्रं पाऊस आणतात. त्यामुळे निगडीतलं आभाळ बघून वर्ध्याचा अंदाज बांधायचा नाही. इथे लख्ख ऊन असताना कारंजा-वर्ध्याकडे धो धो कोसळत असू शकतो.

ऋतूप्रमाणे निघायची वेळही बदलते. दिवाळीच्या सुमारास परतीचा पाऊस रेंगाळलेला असतो. दुपारपर्यंत कडक ऊन, तीन-चारनंतर ढग दाटतात आणि विजांसह सर येते. तेव्हा पहाटे निघून चारच्या आत मुक्काम गाठावा. डिसेंबर-जानेवारीत गोदावरीच्या आणि जायकवाडीच्या पाणलोटाजवळ पहाटेचं धुकं मिळतं, म्हणून त्या दिवसांत तिथून आठच्या पुढेच जावं. फेब्रुवारी ते एप्रिल अवकाळी पाऊस आणि गारपिटीचे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात झालेली गारपीट शेतकरी अजून विसरलेला नाही. मे महिन्यात विदर्भात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा दुपारी बारा ते चार गाडी सावलीतच बरी.

निघण्याच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा: पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, बुलढाणा, वाशिम, वर्धा, नागपूर. विदर्भाचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक केंद्राकडून येतो आणि अलीकडच्या जिल्ह्यांचा मुंबईच्या, म्हणून दोन्हीकडे नजर टाका. यलो असेल तर सावध राहून जा, ऑरेंज असेल तर त्या टप्प्याची वेळ बदला, रेड असेल तर मुक्काम वाढवा. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' हे अ‍ॅप सगळ्यांच्या मोबाइलवर असू द्या.

गाडी: टायरपासून सुरुवात

आपल्या पट्ट्यातल्या माणसाला गाडी कशी बनते हे शिकवायला नको. तरी लाइनवर दिवसाला शेकडो टायर बसवणारा स्वतःच्या गाडीचे टायर वाकून बघत नाही, हेही तितकंच खरं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. 3519 असेल तर तो टायर 2019 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी शाबूत दिसली तरी जुन्या टायरचं रबर कडक होतं आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात. असा टायर गावात चालून जाईल, समृद्धीवर त्याचा भरवसा धरू नका. नक्षीच्या खाचेत आडव्या छोट्या पट्ट्या असतात. झीज त्या पट्ट्यांपर्यंत आली, म्हणजे खाच 1.6 मिलिमीटर उरली, की टायर बदलायचाच.

हवेबाबत एक गैरसमज घट्ट आहे: उन्हात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवायची. होतं उलटं. हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा, थोडा जास्त आकडा दिलेला असतो. चौघं माणसं, बॅगा आणि फराळाचे डबे असतील तर तोच आकडा धरा आणि टायर थंड असताना हवा भरा. स्टेपनीची हवाही बघा.

वायपरचे रबर, दोन्ही हेडलाइट, मागचे ब्रेकलाइट, काचेवर मारायचं पाणी आणि जॅक-पाना हे तपासायला अर्धा तास पुरतो. सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलची टाकीही भरलेली ठेवा. शहरात पंपाची रांग असते, पुढे तर पंपच सापडेल याची खात्री नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जिंगचे थांबे आधी ठरवून मगच मुक्काम ठरवा.

पट्ट्यातून बाहेर कसं पडायचं

पुण्याच्या बाजूनं वाघोलीमार्गे जायच्या फंदात पडू नका. चाकणहून शेलपिंपळगावमार्गे शिक्रापूरला जाणारा रस्ता थेट अहिल्यानगर रोडला मिळतो. भोसरी-मोशीकडच्यांना आळंदी-मरकळ-तुळापूरवरून लोणीकंद गाठता येतं. दोन्ही वाटांचा एकच नियम: पहाटे पाचच्या सुमारास निघा. एकदा शिफ्टच्या बस, कंटेनर आणि ट्रेलर सुरू झाले की चाकणच्या तळेगाव चौकातच तासभर जातो आणि प्रवासाच्या सुरुवातीलाच डोकं तापतं.

रात्रपाळी करून थेट निघू नका. आठ तास उभं राहून काम केलेल्या माणसाला पहाटे तीन ते सहा या वेळात झापड येणारच, मग चहा कितीही कडक असो. ताशी 120 च्या वेगानं गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर शंभर मीटर गाडी कुणीच चालवत नसतं.

पहिला दिवस: चाकण ते छत्रपती संभाजीनगर

पहिला थांबा रांजणगाव. अष्टविनायकांतला महागणपती अगदी हमरस्त्यालगत आहे, दर्शन आणि नाश्ता तासाभरात उरकतो. शिरूरच्या पुढे निघोजचा फाटा घ्यायचा की नाही हे मात्र पावसावर ठरवा. तिथे कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षं एकाच जागी गरगरत राहिले आणि त्यांनी काळ्या पाषाणात रांजणासारखे गोल, गुळगुळीत खड्डे कोरले. काही इतके खोल की आत उतरलेला माणूस वर येणार नाही. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की हे रूप नीट दिसतं. पावसाळ्यात किंवा वरच्या धरणातून पाणी सोडलं असेल तर पात्रात पाय ठेवू नका, कोरड्या दिवसांतही खळग्यांच्या काठावर सेल्फी नको. ओलं शेवाळ आणि गुळगुळीत दगड यांच्यावर पाय टिकत नाही.

अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, 1994 साली लष्करानं सुरू केलेलं. यंत्रात हात घालणाऱ्या माणसानं ते चुकवू नये: पहिल्या महायुद्धापासूनचे रणगाडे, त्यांचे पट्टे, जाड पोलाद, जोडकाम, सगळं हातभर अंतरावरून बघता येतं. जवळच भुईकोट किल्ला आहे. 1942 ते 1945 या काळात पंडित नेहरू तिथे कैदेत होते आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी तिथेच लिहिलं. ही लष्करी हद्द असल्यानं ओळखपत्र जवळ ठेवा. दोन्ही ठिकाणं एका फेरीत बघायची घाई करू नका, एक निवडा.

अहिल्यानगर हा आपला पहिला निर्णयाचा थांबा. इथे मोबाइलवर पुढचा अंदाज बघा. इमामपूरचा घाट उतरून घोडेगावकडे गेलं की पुढे रस्ता मोकळ्या शिवारातून जातो. ढग काळे होत असतील तर जेवण इथेच उरका आणि सर जाऊ द्या. जेवणाबद्दल एक सूचना: दुपारी मटणाची थाळी चापली की पुढच्या टप्प्यावर चालकाला झोपेशी कुस्ती खेळावी लागते. चालवणाऱ्यानं भाकरी, पिठलं, ताक यावर भागवावं. थाळीवर ताव मारायचा हक्क त्या दिवशी मागच्या सीटवरच्यांचा.

नेवासा फाट्यावरून आत काही किलोमीटरवर नेवासं आहे. आळंदी आपल्या दारात, पण ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती इथे, 1290 साली. ज्ञानेश्वर ज्या खांबाला टेकून बसले असं मानतात तो पैसाचा खांब मंदिरात आहे. आळंदीची वारी करणाऱ्या घरातली म्हातारी माणसं गाडीत असतील तर हा फाटा चुकवू नका. पुढे प्रवरासंगमला प्रवरा आणि गोदावरी मिळतात. पलीकडे टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर अठराव्या शतकातलं, त्याच्या दगडी भिंतींवरचं कोरीव काम अर्धा तास सहज खातं.

या पट्ट्यात दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो. संध्याकाळनंतर बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला असतो. समोरच्या गाडीच्या झोतात ही ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून अंधार पडायच्या आत वाळूज गाठा. वाळूजची एमआयडीसी दिसली की आपल्याच पट्ट्यात परत आल्यासारखं वाटतं. आकुर्डी-चाकणसारखाच बजाजचा कारखाना इथेही आहे.

मुक्काम छत्रपती संभाजीनगरला. दिवाळीच्या दिवसांत खोली आधी फोन करून ठेवा. लवकर पोहोचलात तर दौलताबादचा किल्ला किंवा बिबी का मकबरा होतो. वेरूळ करायचं असेल तर एक पूर्ण दिवस द्या आणि तो मंगळवार नसेल हे बघा, कारण मंगळवारी लेणी बंद असतात. रात्री नान-खलिया खायला हरकत नाही, आज गाडी चालवायची संपली.

दुसरा दिवस: समृद्धी

सकाळी टाकी पूर्ण भरा, पाण्याच्या बाटल्या आणि थोडं खाणं बरोबर घ्या. सावंगी किंवा माळीवाडा इथून समृद्धीवर चढता येतं. नागपूरपर्यंत सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. टोल अंतरानुसार लागतो, म्हणजे मध्ये उतरून पुन्हा चढलं तर उगाच भुर्दंड बसतो ही भीती सोडा आणि ठरवून उतरा.

या रस्त्याचा धोका त्याच्या सरळपणात आहे. वळण नाही, सिग्नल नाही, आडवं गाव नाही. तासाभरानं डोळे उघडे असतात पण माणूस बघत नसतो. मोटारींना सपाट भागात ताशी 120 ची मर्यादा आहे, ती गाठलीच पाहिजे अशी सक्ती नाही. ताशी 90-100 वर स्थिर राहा, दीड तासाला थांबा, चालक बदला. पुढच्या सीटवर बसणाऱ्यानं झोपायचं नाही, चालकाशी बोलत राहायचं. डुलकीची चाहूल लागली तर खिडकी उघडून, गाणी मोठी करून पुढे रेटू नका. अधिकृत थांब्यावर गाडी लावून वीस मिनिटं झोपा. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून फोटो काढणं, डबा खाणं हे जिवावरचे खेळ आहेत. मागून येणारा डुलकीत नसेल याची हमी कोण देणार?

वाटेत उतरायच्या दोन जागा, दोन्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा राजवाडा आणि त्यांची समाधी आहे. वेळ थोडा असेल तर हे बघा, गावातल्या गावात दोन तासांत होतं. मेहकरला उतरलं तर वीस-पंचवीस किलोमीटरवर लोणार. काळ्या बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे, तळाशी खारं, क्षारयुक्त पाणी. 2020 च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं, मिठाच्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. विवराच्या कडेवरून बघायला अर्धा तास पुरतो, खाली उतरून यायला निम्मा दिवस. पाऊस झालेला असेल तर खाली उतरू नका, वाट निसरडी होते. त्याऐवजी गावातलं दैत्यसूदन मंदिर बघा, त्याचं शिल्पकाम कुठल्याही हवेत बघता येतं. लहान मुलं बरोबर असतील तर लोणारलाच दुसरा मुक्काम करा आणि प्रवास तीन दिवसांचा होऊ द्या.

मेहकर हा दुसरा निर्णयाचा थांबा. इथून पुढे वाशिम-कारंजाकडचं आभाळ वेगळं असू शकतं. दुपारचे तीन वाजून गेले असतील आणि विजांचा इशारा असेल तर चहा घेऊन बसा. मोकळ्या माळावरचा हा रस्ता वादळी वाऱ्यात गाडी अक्षरशः आडवी ढकलतो. संध्याकाळी रोही आणि रानडुकरं रस्त्यावर येऊ शकतात, हेही लक्षात असू द्या.

वेळ हाताशी असेल तर वर्ध्याला उतरा. सेवाग्राम आश्रमातली बापू कुटी माती-बांबूची आहे, भर उन्हात आत शिरलं की गारवा कळतो. पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम. गोरस भांडारातला गोरसपाक घरच्यांसाठी बांधून घ्या. इथून नागपूर दीड-दोन तासांवर.

वाटेत हवा फिरली तर

पहिली सर सगळ्यात निसरडी असते, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यात मिसळते. पाऊस सुरू होताच वेग निम्म्यावर आणा आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट करा. साचलेल्या पाण्यावर स्टिअरिंग हलकं लागलं तर टायर पाण्यावर तरंगतोय असं समजा. करकचून ब्रेक मारू नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. चालू गाडीत चारही इंडिकेटर लावायची सवय सोडा, त्यामुळे तुम्ही थांबलात की वळताय हे मागच्याला कळत नाही. पावसात आणि धुक्यात लो बीम लावा, हाय बीमचा प्रकाश थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. काच आतून धुरकट झाली तर एसी काचेकडे वळवा.

मराठवाडा-विदर्भात काळी माती आहे. कोरडी असताना दगडासारखी, पाऊस पडला की चिखल. साइडपट्टीवर गाडी उतरवली तर चाक रुतलंच म्हणून समजा. गारा सुरू झाल्या तर पेट्रोल पंप किंवा ढाब्याचं छत गाठा, झाडाखाली नको. विजा कडाडत असतील तर काचा लावून गाडीतच बसा. पुलावरून पाणी वाहत असेल तर खोली किती हे बघत बसू नका, मागे फिरा.

आणीबाणीला 112, रुग्णवाहिकेला 108 आणि राष्ट्रीय महामार्गावर मदतीला 1033. हे आकडे मोबाइलबरोबर एका कागदावरही लिहून डॅशबोर्डला चिकटवा, बॅटरी संपायला वेळ लागत नाही.

दुचाकीवर निघणाऱ्यांना

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. तुमची वाट जालना, सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव, शेलूबाजार, कारंजा, वर्धा अशी जुन्या रस्त्यानं. गावं जास्त, गतिरोधक जास्त, पण चहाच्या टपऱ्याही जास्त. तीन दिवस धरा: पहिला मुक्काम छत्रपती संभाजीनगर, दुसरा मेहकर किंवा लोणार. दोघं असाल तर सामान कमी करा आणि पहाटेच्या थंडीसाठी जर्किनच्या आत वर्तमानपत्र नव्हे, स्वेटर घाला. वीज कडाडायला लागली की दुचाकी बाजूला लावून पक्क्या इमारतीत शिरा. रेनकोट विजेपासून वाचवत नाही.

शेवटची गोष्ट निघण्याआधी करायची आहे. घरी फोन लावा तेव्हा "आज रात्री पोहोचतो" असं म्हणू नका. एकदा शब्द दिला की तो पाळण्यासाठी माणूस पावसात, अंधारात, झोपेत गाडी पळवतो. "परवा संध्याकाळपर्यंत येतो, वाटेत मुक्काम आहे, उशीर झाला तर काळजी करू नका" असं सांगा. फराळ दोन दिवसांनी शिळा होत नाही.